अंगणात एक बाभूळ

मृगाचे ढग दिसू लागले की आपल्या देशाला झाडांची आठवण होते. १९५० साली केंद्रीय मंत्रिमंडळात अन्न व शेती ही खाती सांभाळणाऱ्या कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सवाचा पायंडा घातला. मुनशी मूळचे भडोचचे, म्हणजे सुरतेच्या शेजारचेच. त्या आरंभाला आता पाऊणशे वर्षे लोटली. या काळात खड्डे पुष्कळ खणले गेले, छायाचित्रेही पुष्कळ निघाली. परंतु खड्ड्यात कोणते झाड लावावे, या साध्या प्रश्नाचा विचार आपण क्वचितच केला. जे रोप स्वस्त मिळाले, जे लवकर वाढले आणि जे जनावराने खाल्ले नाही, ते उत्तम, अशी आपली समजूत. या समजुतीची किंमत कोणती, हे गेल्या काही वर्षांत गुजरातने अनुभवले आहे.

कोनोकार्पस नावाचे एक झाड आहे. उष्ण कटिबंधातील अमेरिका व आफ्रिका यांच्या किनाऱ्यांवरून ते जगभर पसरले. बारा महिने हिरवे, वाढीला वेगवान, कात्रीने हव्या त्या आकारात कापून घेण्यास तयार. गुजरातच्या शहरांना त्याने भुरळ घातली. रस्त्यांचे दुभाजक, कारखान्यांची आवारे, सोसायट्यांच्या भिंती, जिकडे पाहावे तिकडे त्याच्या रांगा उभ्या राहिल्या. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये गुजरातच्या वनखात्याला या झाडाच्या लागवडीवर बंदी घालावी लागली. वनक्षेत्रात नाही, वनक्षेत्राबाहेरही नाही, आणि रोपवाटिकांतही नाही. हिवाळ्यात त्याच्या फुलांतून उडणारे पराग सर्दी, खोकला, दमा यांना निमंत्रण देतात, आणि त्याची मुळे भूमिगत तारा व जलवाहिन्या यांना इजा करतात, अशी कारणे त्या वेळी देण्यात आली. चूक उमगली हे चांगलेच झाले. तथापि बंदीने केवळ एक ‘नाही’ सांगितले जाते, ‘मग काय?’ या प्रश्नाचे उत्तर बंदीत नसते. ते नागरिकांनी द्यावयाचे असते.

आमचे उत्तर कित्येकांना चमत्कारिक वाटेल. आम्ही म्हणतो, सुरतेच्या अंगणात आणि उद्यानात बाभूळ लावावी.

बाभूळ! हा शब्द उच्चारताच भुवया उंचावतील हे आम्ही जाणून आहो. बाभूळ ही बांधावरची, उकिरड्याकडेची, मसणवट्याच्या वाटेवरची. तिच्यावर भुते राहतात असे आजीने सांगितलेले. वडाला पौर्णिमा आहे, आपट्याला दसरा आहे, शमीला पांडवांच्या शस्त्रांचा मान आहे. नवग्रहांच्या समिधांत मंगळासाठी खैर लागतो, आणि खैर तर बाभळीचा सख्खा भाऊबंद. बाभळीला मात्र एकही सण नाही. तिच्या वाट्याला आल्या त्या केवळ म्हणी आणि शिव्या. मराठी काव्याने तेवढी तिची कदर केली: इंदिरा संतांनी तिच्यातील नाजूक सौंदर्य पाहिले, वसंत बापटांनी तिच्यातील ताठ कणा. पण कवींनी केलेला सन्मान बागेच्या फाटकापर्यंत पोचला नाही.

वस्तुतः या झाडाइतके आपले असे दुसरे झाड शोधावे लागेल. तापी मुलताईला उगम पावते, खानदेशातून वाहत येते आणि सुरतेपाशी सागराला मिळते. या सबंध वाटेवर काळ्या जमिनीत तिची सोबत करणारी झाडे मोजू लागलो, तर बाभळीचे नाव पहिल्या चार-पाचांत घ्यावे लागते. तिच्या लाकडाची बैलगाडीची चाके झाली, औते झाली, खुंट झाले. तिच्या सालीने चामडे कमावले गेले. तिच्या शेंगांवर शेळ्या पोसल्या. तिच्या डिंकाचे लाडू खाऊन बाळंतिणी उभ्या राहिल्या. गुजरातेत बावळाच्या दातणाची मोळी अजून रस्त्याच्या कडेला विकावयास असते. दात घासण्यासाठी तिची काडी विकत घेणारा मनुष्य तिचे रोप दारात लावण्यास मात्र कचरतो, ही विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे.

आणि तिचे फूल? पावसाळा स्थिरावला की काट्यांच्या बेचक्यांतून गडद पिवळे, बोराएवढे गोंडे फुलू लागतात. प्रत्येक गोंडा म्हणजे एक फूल नव्हे. चिमुकल्या अनेक फुलांचा तो मेळावा असतो, आणि त्याची मऊ लव म्हणजे केसरांचा पुंजका. वास मंद, गोडसर. बहर हिवाळ्यापर्यंत रेंगाळतो. मधमाश्या सकाळपासून येतात. पुढे मण्यांच्या माळेसारख्या, दोन बियांमध्ये आवळलेल्या राखी शेंगा लोंबू लागतात. ऑस्ट्रेलियात हिच्याच दूरच्या नात्यातील एका पिवळ्या फुलाला राष्ट्रीय पुष्पाचा मान १९८८ साली मिळाला, आणि १ सप्टेंबर हा दिवस तेथे त्या फुलाचा म्हणून १९९२ पासून देशभर पाळला जातो. तेच रूप, तोच रंग आपल्या बांधावर फुलतो तेव्हा आपण त्याला काटेरी झुडूप म्हणतो.

येथे एक कथा सांगणे भाग आहे. ‘अकेशिया’ हे या कुळाचे शास्त्रीय नाव प्राचीन ग्रीकांनी दिलेले. नाईल नदीकाठच्या काटेरी झाडाला, म्हणजे आपल्याच बाभळीच्या जातीला, ते लावले गेले. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी ठरविले की हे कूळ एक नव्हे, त्याची अनेक शकले करावयास हवीत. मग मूळ नाव कोणाकडे राहावे? २००५ च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ते ऑस्ट्रेलियातील जातींकडे द्यावे अशी शिफारस पुढे आली. निम्म्याहून अधिक मते या शिफारशीविरुद्ध पडली. परंतु ती फेटाळण्यास साठ टक्के मतांची अट होती, म्हणून अल्पमताचा निर्णय कायम राहिला. २०११ साली मेलबर्नच्या परिषदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. ऑस्ट्रेलियाच्या बाजूने एक व्यावहारिक मुद्दा होता, हे न्यायासाठी सांगितले पाहिजे: त्यांच्याकडे या कुळाच्या जाती सुमारे हजार, आणि इतक्यांची नावे बदलणे मोठे जिकिरीचे. तरीही जिच्यामुळे नाव जन्मले तिच्याकडूनच ते गेले, ही वस्तुस्थिती राहतेच. आपली बाभूळ आता ‘व्हॅचेलिया’ म्हणून ओळखली जाते. हा व्हॅचेल कोण? ईस्ट इंडिया कंपनीचा मकाव येथील एक धर्मोपदेशक! ज्या कंपनीने हिंदुस्थानात आपली पहिली वखार सुरतेत मांडली, तिच्याच नोकराचे नाव सुरतेच्या बांधावरील झाडाला चिकटावे, यास योगायोग म्हणावे की आणखी काही, ते वाचकांनी ठरवावे. कागदावरचे नाव कोणी नेले तर नेवो. झाड मात्र बांधावरून जाऊ देऊ नये.

परंतु बाभूळ म्हणून जे जे दिसते ते ते आपले नव्हे, हेही स्पष्ट केले पाहिजे. कारण या घोळाने पुष्कळ नुकसान केले आहे. ‘देवबाभूळ’ म्हणून जे सुवासिक पिवळे झुडूप बागांतून लावतात, ते दिसावयास गोजिरे असले तरी मूळचे अमेरिकेचे. रोमच्या फार्नेस घराण्याच्या बागेत ते सतराव्या शतकात वाढले, म्हणून त्याचे शास्त्रीय नाव फार्नेसियाना. फ्रान्समध्ये त्याच्या फुलांपासून अत्तरे काढतात. ते आता जुने पाहुणे झाले आहे. त्याच्याशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते ‘वेड्या बाभळी’शी. गुजराती तिला ‘गांडो बावळ’ म्हणतात. दोन शेजारी भाषांनी एकमेकींना न विचारता एका झाडाला एकच विशेषण द्यावे, यातच त्याच्या वर्तनाचा दाखला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे अमेरिकी झाड हिंदुस्थानात आले. कच्छचे रण पुढे सरकू नये म्हणून १९६० च्या दशकात बन्नीच्या गवताळ प्रदेशात सरकारनेच ते लावले. हेतू शुद्ध होता. फळ असे मिळाले की रण राहिले बाजूला आणि गवतच मागे हटले. ज्या मालधारींच्या म्हशी त्या गवतावर जगत होत्या, त्यांच्यावर संकट आले. तिसरे उदाहरण आपल्या कोकणचे. सामाजिक वनीकरणाच्या लाटेत डोंगरउतारांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली. तिला काटे नाहीत, गुरे तिला तोंड लावीत नाहीत, आणि तिची पानवजा देठे खाली पडली की लवकर कुजत नाहीत. तिच्या राईत शिरावे तर पायाखाली कोरडा पाचोळा आणि कानांवर शांतता. झाडे आहेत, परंतु वन नाही.

या उदाहरणांवरून ‘देशी तेवढे चांगले, परदेशी तेवढे वाईट’ असा सिद्धांत कोणी काढील, तर त्यास आमची संमती नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी तर हे बोलूच नये. काजू, पेरू, अननस, पपई, मिरची ही सारी समुद्रावरून आली, आणि त्यांच्यावाचून आज आपले पान वाढता येत नाही. उलट बाजूही पाहावी. आपली ही गुणी बाभूळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सावलीसाठी व चाऱ्यासाठी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात नेली गेली. आज ती तेथे लक्षावधी हेक्टर कुरणांवर पसरली असून तेथील सरकार तिला राष्ट्रीय महत्त्वाचे तण समजते. म्हणजे त्यांची बाभूळ आपल्या डोंगरावर उपद्रवी, आणि आपली त्यांच्या कुरणावर! तात्पर्य, वेडेपणा झाडात नसतो. जेथे त्याचे खाणारे, पोखरणारे, वाटेकरी सोबत येत नाहीत, तेथे ते मोकाट सुटते. आपल्या भूमीत बाभळीच्या बिया पोखरणारे भुंगे आहेत, पाला ओरबाडणाऱ्या शेळ्या आहेत, तिच्यावर घरटे बांधणारे पक्षी आहेत. हे सारे मिळून तिला मर्यादेत ठेवतात. देशी झाडाचे श्रेष्ठत्व त्याच्या जातीत नाही. या शेजारात आहे.

झाडांचा हा न्याय माणसांना लावण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावयास हवा. सुरतेशी आपली जुनी ओळख इतिहासाच्या पुस्तकातील, १६६४ व १६७० या सालांची. आजची ओळख निराळी आहे. लिंबायत, उधना, दिंडोली, पांडेसरा या भागांत मराठी माणसे लाखांनी मोजावी लागतील. बहुतेक खानदेशातून आली, मागावर उभी राहिली, आणि ज्या शहराचे कापड त्यांनी विणले त्याच शहराची झाली. त्यांच्या घरी श्रावणात कानबाई बसते आणि नवरात्रात गरबाही रंगतो. कोणी कोठून आला यापेक्षा तो शेजाऱ्यांशी कसा नांदतो, हा प्रश्न महत्त्वाचा. कोनोकार्पसचा अपराध तो परका होता हा नव्हता. तो एकटाच सगळीकडे लावला गेला आणि त्याच्या सोबतीला दुसरे काही उरले नाही, हा होता; आणि तोही त्याचा नव्हे, लावणाऱ्यांचा.

आता व्यवहाराचे बोलू. ज्याला बाभूळ लावावयाची आहे त्याने उन्हाळ्यात पिकलेल्या शेंगा गोळा कराव्यात. बीचे कवच कठीण असते. शेळीच्या पोटातून गेलेले बी चांगले रुजते, हे गुराख्यांना ठाऊक आहे. शहरात शेळीचे काम गरम पाण्याने करावे. उकळून उतरवलेले पाणी बियांवर ओतून त्या दिवसभर तशाच भिजत ठेवाव्यात. फुगलेल्या बिया पावसाच्या आरंभी पेराव्यात, आणि शक्य तो जेथे झाड हवे तेथेच पेराव्यात. कारण तिचे सोटमूळ फार लवकर खोल जाते आणि उपटून लावलेले रोप रुसते. पिशवीत करावयाचे तर पिशवी उंच घ्यावी व रोप लहान असतानाच हलवावे. जागा भरपूर उन्हाची हवी. पहिल्या उन्हाळ्यात पाणी द्यावे, नंतर तिची ती पाहून घेते. खताची तिला गरज नाही. मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र पकडून तिला देतात, आणि पडलेल्या पाल्यातून त्याचा वाटा जमिनीलाही मिळतो.

मोकळी सोडली तर ती मोठे झाड होते. बागेत ती झुडूपवजा ठेवता येते. त्यासाठी लहानपणापासून दरवर्षी बहर ओसरल्यावर शेंडे खुडावेत. एकदम बुडापासून तोडू नये. तोडलेल्या बुंध्यातून ती पुन्हा फुटेलच याची शाश्वती नसते. फुलांसाठी चार-पाच वर्षे धीर धरावा. भिंतीपासून व नळापासून दहा-बारा हात दूर लावावी. पायवाटेच्या काठी, मुलांच्या खेळण्याच्या जागी मुळीच लावू नये. कोवळ्या झाडाचे काटे मोठे, पांढरे व तीक्ष्ण असतात, आणि छाटलेल्या फांद्या त्याच दिवशी गोळा करणे हे मालकाचे कर्तव्य समजावे. तिच्या अगदी बुडाशी भाजीपाला चांगला येत नाही, हेही शेतकऱ्याचे जुने निरीक्षण आहे. गच्चीवरच्या कुंडीत तिला कोंबू नये. ज्यांना केवळ झुडूपच हवे आणि ज्यांची जमीन वालुकामय आहे, त्यांच्यासाठी राजस्थान व गुजरातच्या रुक्ष भागातील एक मूळची बुटकी बाभूळ आहे; १८३२ साली मुंबईत वारलेल्या जॅकमाँ या फ्रेंच निसर्गवेत्त्याचे नाव तिला दिलेले आहे. मोठ्या आवाराच्या कुंपणाला शिकेकाईचा वेल घालावा. तीही याच गोतातील, आणि दिवाळीच्या अभ्यंगाची सोय घरच्या घरी.

सुरतेतील बहुसंख्य मराठी कुटुंबांना अंगण नाही, हे आम्ही विसरलेलो नाही. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्यास बाग करण्याचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होईल. परंतु सोसायटीचा मोकळा कोपरा, शाळेच्या मैदानाची मागची हद्द, कारखान्याचे आवार, खाडीचा काठ, ही सर्वांची अंगणे आहेत. बमरोली व भीमराडच्या बाजूस ८७ हेक्टरांवर जैवविविधता उद्यान उभारण्याच्या कामाची पायाभरणी सप्टेंबर २०२२ मध्ये झाली. ‘जैवविविधता’ हा शब्द पाटीवर शोभतो; तो जमिनीत उतरावयाचा असेल तर बाभूळ, हिवर, खैर, शमी या काटेरी मंडळींना तेथे सन्मानाची जागा हवी. पुराचे पाणी काही काळ पायांशी साचले तरी बाभूळ तग धरते. सिंधूच्या काठची बाभळीची वने पुरातच वाढत आली. ऑगस्ट २००६ चा तापीचा महापूर ज्या शहराने सोसला, त्याला या गुणाचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

आक्षेप येतील. काटे टोचतात, हा पहिला. गुलाबाचेही टोचतात; पण त्याच्यासाठी आपण माळी ठेवतो. बाभूळ अशुभ, हा दुसरा. ज्या झाडाच्या डिंकाने बाळंतिणीला बळ दिले ते अशुभ कसे, याचे उत्तर आक्षेपकांनीच द्यावे. बाग म्हणजे डोळ्यांना सुख, तेथे हे रानटी झाड कशाला, हा तिसरा. आणि खरा आक्षेप हाच आहे. बाग म्हणजे खालून वर सारखी कापलेली हिरवी भिंत, ही कल्पना आपण दुसऱ्यांकडून घेतली आणि ती इतकी मुरली की आपल्या मातीतील फूल आपल्याला गावंढळ वाटू लागले. खेड्यातून शहरात आलेल्या माणसाला आपल्या बोलीची लाज वाटावी, तसेच हे आहे. राज्य गेले, परंतु आवडीनिवडीवरील सत्ता तेवढी राहिली.

डॉ. सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास आपल्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, आणि पसंत पडले तरच संसार मांडते, हे त्यांनी बारकाईने पाहिले. पाण्यावर झुकलेली काटेरी बाभूळ ही सुगरणीच्या आवडत्या जागांपैकी एक. काट्यांमुळे शत्रूची वाट अडते. ज्या काट्यांना आपण नाके मुरडतो, त्यांच्या भरवशावर ती आपली पिल्ले ठेवते. कात्रीने कापलेल्या कोनोकार्पसच्या भिंतीवर असा झोका कधी झुलेल असे आम्हांस वाटत नाही.

बंदीनंतर सुरतेतील जी जी जागा रिकामी होईल, तेथे पुन्हा एखादे नवे, झटपट वाढणारे, कोणालाच नको असलेले झाड येऊन बसण्यापूर्वी नागरिकांनी आपले म्हणणे महापालिकेस कळविले पाहिजे. रोपवाटिकांत देशी काटेरी झाडांची रोपे मिळाली पाहिजेत. शाळांनी मुलांना शेंगा गोळा करावयास लावले पाहिजे. आणि ज्यांना दारात दहा-बारा हात जागा आहे, त्यांनी कोणाची वाट पाहू नये. गावाकडून येताना पुढच्या उन्हाळ्यात पिशवीत पापड-कुरडयांबरोबर मूठभर बाभळीच्या शेंगाही आणाव्यात. मृगाच्या पहिल्या पावसाला त्या जमिनीत जातील, एवढेच पाहावे. पुढचे काम जमीन जाणते.